कोल्हापूरचे एकवीस दिवस आणि तेरा रेघा

पुढच्या महिन्यात आमच्या केंद्रातल्या दोन शिक्षिका कोल्हापूरला इंग्रजीच्या प्रशिक्षणाला जायच्या आहेत. दोघी मला रोज काही ना काही विचारतात. थंडी कितपत असते, चादर तिथं मिळते की न्यावी लागते, मासे मिळतात का, आणि सकाळी नऊ ते साडेपाच खरंच इंग्रजीतच बोलावं लागतं का. मी सगळी उत्तरं देते. चादर न्या. मासे विसरा. आणि हो, इंग्रजीतच. चप्पल चांगली न्या, कारण एकवीस दिवस उड्या माराव्या लागतात. यावर त्या हसतात, मीही हसते, आणि जे खरं सांगायला हवं ते राहूनच जातं. समोरासमोर मला ते सांगता येणार नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

फोंडाघाट

दिवाळीची सुट्टी संपली आणि आदेश आला. पहिलीपासून इंग्रजी सुरू होऊन तेव्हा वर्ष-दीड वर्ष झालं होतं. आम्ही स्वतः एबीसीडी गिरवली ती पाचवीत, आणि आता सहा वर्षांच्या पोरांना इंग्रजी शिकवायची वेळ आमच्यावर आली होती. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते, नोकरीला बारा वर्षं झालेली. आमच्या तालुक्यात माझं अक्षर आणि माझं इंग्रजी दोन्ही चांगलं म्हणून नाव होतं, आणि त्याचा मला गर्व होता. हे आत्ताच सांगून टाकते.

देवगडकडून निघालेली गाडी फोंडाघाट चढून वर आली तेव्हा अंगावरचा घाम वाळला. दाजीपूरचं जंगल संपलं, राधानगरी मागं पडली आणि मग दोन्ही बाजूंना नुसता ऊस. आमच्याकडे चार कलमांच्या मध्ये जांभा दगड डोकं वर काढतो, इथं बोटभर जमीन मोकळी नाही. गुऱ्हाळं सुरू झाली होती, त्याचा गोड, जड वास गाडीत भरून राहिला. पुढच्या सीटवरचा माणूस आणि कंडक्टर यांचं जोरजोरात सुरू झालं, तेव्हा मी पर्स छातीशी धरली. मला वाटलं आता मारामारी होणार. नीट ऐकलं तर कंडक्टर त्याला विचारत होता, "काय पावणं, म्हस व्याली न्हवं? मग पेढं कुठं हाईत?"

राजारामपुरी

आमचा वर्ग राजारामपुरीतल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर भरायचा. खाली दाताचा डॉक्टर, त्याच्या शेजारी बारावीचे क्लास, आणि दिवसभर रिक्षांचे हॉर्न. राहायची सोय मागच्या गल्लीत होती, एका खोलीत दोघी. माझ्या खोलीत आधीच एक बाई आल्या होत्या. ट्रंकेतून भाकरीचं गाठोडं बाहेर काढत त्यांनी विचारलं, "कोकणातली व्हय गं तू? बस. चटणी खातीस न्हवं?"

त्या महानंदाक्का. वय पन्नाशीला टेकलेलं, कागलच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावात शिक्षिका. गळ्यात चांदीची डबी, तिच्यात लिंग. रोज सकाळी अंघोळ करून त्या ते लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायच्या, आणि तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. एरवी त्या सतत बोलत. इथल्या बायका पुरुषांसारखं "मी आलो, मी जातो" म्हणतात याची मला पहिले दोन दिवस गंमत वाटली, नंतर मीच एकदा घरी फोनवर "मी जेवलो" म्हणाले आणि नवरा पोट धरून हसला.

पहिल्या दिवशी पुण्याहून आलेल्या मॅडमनी दोन तास सूचना दिल्या, त्याही अस्खलित इंग्रजीत. आम्ही छत्तीस जण होतो. मॅडम थांबल्या की आम्ही छत्तीस माना हलवत होतो. माझीही मान हलत होती, आणि माझी तर जरा जास्तच ऐटीत, कारण इतरांपेक्षा मला जास्त कळतं हे सगळ्यांना दिसायला हवं होतं. खरं सांगायचं तर निम्मं डोक्यावरून जात होतं. पण हात वर करून "पुन्हा सांगा" म्हणायचा धीर कुणाला होणार?

नियम मात्र सगळ्यांना कळला. वर्गात मराठी वाक्य तोंडून गेलं की आपण होऊन उठायचं, फळ्यावर आपल्या नावापुढं एक रेघ मारायची आणि जागेवर येऊन बसायचं. पहिल्या आठवड्यात फळा रेघांनी भरून गेला. शाहूवाडीकडचे एक मिशाळ गुरुजी तर रेघ मारताना "आयला, खडू मोडला" म्हणाले आणि त्यांना दुसरी मारावी लागली. ह्याच गुरुजींना पुढं सशाचं गाणं म्हणत, डोक्यावर दोन हातांचे कान करून, वर्गभर उड्या मारायला लावलं. आम्ही हसून हसून दमलो. जुन्या मोज्यांच्या बाहुल्या केल्या, पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवली, मिनिटांचा हिशेब मांडून पाठाचे आराखडे लिहिले.

रविवारी सगळी तुकडी मटणाच्या खानावळीत गेली. तांबडा रस्सा पहिल्या घोटाला गोड लागतो, दुसऱ्याला कानातून वाफ निघते. आमच्या नारळाच्या रसात वाढलेल्या माणसानं तिथं शहाणपणा करू नये. नाक पुसत खोलीवर आले तर आक्का वाट बघत बसलेल्या. त्या मांसाहार करत नसत, म्हणून मागं राहिल्या होत्या. त्यांनी आणून ठेवलेलं घट्ट दही वाटीत घालून माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "खा. कोकणातली जीभ हाय, जळून जायाची."

त्याच दुपारी त्यांनी मला त्यांची काळजी सांगितली. त्या बावीस वर्षं पहिलीच्याच वर्गावर होत्या. आता मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं की ज्याच्याकडे ह्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, त्यालाच पहिली मिळणार. शाळेत एक नवीन बाई आल्या होत्या, त्यांच्याकडे ते होतं. आक्कांना ते मिळालं नाही तर बावीस वर्षांचा वर्ग जाणार होता.

"पगार तोच की," मी म्हटलं. "तिसरी काय नि पहिली काय."

"तसं न्हाय बाई," त्या म्हणाल्या. "आमच्यात पोरगं घरात कानडी बोलतंय. साळंत आलं की गपगार. मी त्येला आधी कानडीतनंच बोलतं करतो. म्हैना-दोन म्हैन्यांनी एक-एक शब्द मराठी पेरायचा. दिवाळी आली की पोरगं बोलायचं थांबत न्हाय. ह्ये मला येतंय बघ. दुसरं काय येत न्हाय मला. मला पयलीच पायजे."

मी त्यांना म्हटलं, आपण दोघी मिळून करू. आणि केलंही. साडेपाचला वर्ग सुटला की गच्चीवर जायचो. मी मॅडम व्हायची, आक्का मूल. मग उलट. "दिस इज अ बॉल" म्हणताना त्यांची जीभ अडखळत नसे, पण दोन वाक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत "बस की खाली", "शाब्बास माझ्या राजा" असं आपोआप यायचं. मी बोट वर करून रेघ दाखवायची आणि त्या कपाळावर हात मारून घ्यायच्या. तिसऱ्या आठवड्यापर्यंत वीस मिनिटांत चार-पाचच रेघा उरल्या. शेवटच्या पाठात दहापर्यंत चालणार होत्या. दहाच्या वर गेल्या तर प्रमाणपत्र नाही, पुन्हा प्रशिक्षण.

बदल्यात त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या आराखड्यात नव्हतं. लहान पोराशी बोलताना उभं राहायचं नाही, बसायचं. त्याच्या तोंडाच्या खाली आपलं तोंड आलं पाहिजे. मी वहीत ते लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढून.

मंगळवार पेठ

शेवटचा पाठ मंगळवार पेठेतल्या एका शाळेत होता. जोडीतल्या एकीनं शिकवायचं, दुसरीनं मागच्या बाकावर बसून निरीक्षण पत्रक भरायचं. पत्रकातली शेवटची ओळ होती 'मातृभाषेचा वापर', पुढं रेघांसाठी मोकळी जागा. मॅडमनी बजावलं होतं की मैत्री कागदावर उतरायला नको, निरीक्षकालाही गुण आहेत. आणि आणखी एक गोष्ट होती. तुकडीतल्या पाच जणांना पुढं तालुक्याचे मार्गदर्शक म्हणून निवडायचं होतं. मला त्या पाचांत यायचं होतं. फार यायचं होतं.

सकाळी जाताना पेठेतल्या अरुंद रस्त्यात दूधवाल्यांच्या कॅन लावलेल्या मोटारसायकली, पाण्याला आलेल्या म्हशी, दारात बसून ओरडून एकमेकांची विचारपूस करणारी माणसं. आक्कांनी कापडाचा लाल चेंडू पदराखाली धरला होता. चालता चालता त्यांचे ओठ हलत होते, पाठ घोकणं चालू होतं.

पाठ सुंदर सुरू झाला. पोरं चेंडू पुढं-पुढं देत होती आणि ज्याच्या हातात येईल ते ओरडत होतं, "बॉल!" दहा मिनिटांत पाच रेघा. मीच मनात म्हटलं, झालं, जमलं.

तेवढ्यात चेंडू कोपऱ्यातल्या एका मुलीकडे गेला. त्या वर्गाच्या बाईंनी आधीच सांगितलं होतं की ती बांधकामावरच्या मजुरांची आहे, काही बोलत नाही, तिच्याकडे लक्ष देऊ नका. मुलीनं चेंडू घेतला नाही. सगळी पोरं "बॉल म्हण, बॉल म्हण" करून अंगावर आली, आणि तिनं भोकाड पसरलं. रडता रडता ती काहीतरी म्हणाली. मला फक्त "अव्वा" एवढं ऐकू आलं.

आक्कांनी आराखड्याचा कागद टेबलावर ठेवला आणि सरळ जाऊन तिच्यापुढं फरशीवर बसल्या. "याक अळाकत्ती?" त्या म्हणाल्या. "बा इल्ली. हेदरब्याड." का रडतेस, ये इकडे, घाबरू नको, असा त्याचा अर्थ, हे मला नंतर कळलं. मुलगी एकदम गप्प झाली. डोळे विस्फारून बघत राहिली. आक्कांनी आणखी काहीतरी विचारलं. मुलगी बोलली. आधी एक शब्द, मग दोन, मग सुटलीच. त्या वर्गात जूनपासून कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता. तिच्या वर्गाच्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर हात ठेवला. आक्का तिच्याशी आठ वाक्यं बोलल्या. मग चेंडू तिच्या ओंजळीत ठेवून म्हणाल्या, "दिस इज अ?" आणि ती मुलगी म्हणाली, "बॉल."

आठ वाक्यं होती हे मला कसं माहीत? मी मोजली. मला कानडी येत नाही, त्या काय बोलल्या ते मला कळलंही नव्हतं, पण वाक्य संपलं की आवाज खाली येतो तेवढं कळत होतं. पाचव्या रेघेनंतर माझं पेन थांबलं होतं, हे खरं आहे. नियम मराठीचा, हे तर कानडी. मग मी पत्रक पाहिलं. 'मातृभाषेचा वापर.' आक्कांची मातृभाषा कानडीच की. हे मला सुचलं याचं मला त्या क्षणी कौतुक वाटलं. आज ते आठवलं की माझीच मला किळस येते. मी आठ रेघा मारल्या, सगळ्या एका उंचीच्या.

व्हरांड्यात दोघींनी सह्या करायच्या होत्या. आक्का आनंदात होत्या, घामानं चेहरा चमकत होता. "बोलली बघ लेकरू," त्या म्हणाल्या. "तिची आई कामावर गेली की न्हाय परत येत असं वाटतंय तिला." मग त्यांनी पत्रकावरून बोट फिरवलं. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"तेरा?"

मी पेन पुढं केलं.

"त्या पोरीसंगट बोललेलं बी धरलंस व्हय?"

"नियमच तसा आहे आक्का."

"असंल बाई मग," त्या म्हणाल्या, आणि माझ्याच पेननं सही केली.

पुन्हा राजारामपुरी

शुक्रवारी दुपारी यादी लागली. बत्तीस जणांना प्रमाणपत्र, चौघांना पुन्हा प्रशिक्षण. त्या चौघांत आक्का. पाच मार्गदर्शकांत मी, आणि माझ्या नावापुढं शेरा, निरीक्षण उत्कृष्ट.

मी मॅडमकडे गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांच्याशी मराठीत बोलले. जे घडलं ते सांगितलं. त्यांनी आक्कांचं पत्रक शोधून काढलं, वाचलं, आणि उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

"मूल रडलं, पडलं, काही झालं तर तेव्हाचं बोलणं मोजायचं नसतं," त्या म्हणाल्या. "ते पाठीमागं दोन ओळींत लिहायचं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. तुम्ही तर मान हलवत होता."

मी विचारलं, आता काही करता येईल का. त्या वाईट बाई नव्हत्या. पत्रक पुन्हा सुलटं करून त्यांनी सह्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या की दोघींच्या सह्या आहेत, यादी सकाळीच फॅक्सनं गेली. पुढची तुकडी कधी ते वरून कळेल. मला त्यांच्यासमोरच रडू आलं आणि त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला.

कागलच्या पुढं

मी त्यांच्या घरी येऊनच जायचं, हे आक्कांनी पहिल्या आठवड्यातच ठरवलं होतं. मला वाटलं आता त्या काही म्हणणार नाहीत. पण त्या ट्रंक बांधून दारात उभ्या होत्या. "चल की. कोकणातनं आलीस आन् माझं घर न बघता जातीस व्हय?"

कागलपर्यंत एसटी, पुढं वडाप. जीपमध्ये चौदा माणसं, त्यातली निम्मी एमआयडीसीतून पाळी संपवून घरी निघालेली, हातांना ग्रीसचा वास. सगळे आक्कांना "बाई, नमस्कार" म्हणत होते. ते सगळे कधी ना कधी त्यांच्या पहिलीत होते. एकानं विचारलं, "झालं न्हवं परसिक्षण? आता पोरांस्नी इंग्लिश शिकिवणार म्हणा की." आक्का म्हणाल्या, "बघू की." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

घर साधं, स्वच्छ. त्यांचे यजमान म्हशीची धार काढून डेअरीला निघाले होते. रात्रीच्या जेवणाला जोंधळ्याची भाकरी, झुणका, मिरचीचा खर्डा, आणि माझ्यासाठी मुद्दाम भात, कारण कोकणातल्या माणसाचं भाताशिवाय होत नाही. मी दोन घास खाल्ले. आक्का म्हणाल्या, तिखट झालं का. मी हो म्हटलं.

शनिवारी सकाळची शाळा. त्यांच्याबरोबर चालत जाताना मी सांगून टाकलं. पत्रकाच्या मागच्या बाजूचं, मॅडम जे म्हणाल्या ते, मला ती सूचना कळलीच नव्हती ते. आक्का वाटेत थांबल्या. दोन्ही बाजूंना उसाची तोड चालू होती.

"मला तरी कुठं कळलंतं?" त्या म्हणाल्या. "मी बी मान हलवतच हुतो की. आता रडू नगंस. पोरं बघत्यात."

मला पाच जणांत यायचं होतं, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. ते आज इथं लिहिते आहे.

मुख्याध्यापक भला माणूस. त्यांनी आक्कांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग खाली बघत म्हणाले, "आक्का, यादी कालच कळली. माझ्या हातात काय न्हाय. पयली आजपासनं नवीन बाईंकडं. तुमी तिसरी घ्या." नवीन बाई सातारा भागातल्या, तरुण, नम्र. त्या आक्कांच्या पाया पडल्या. आक्कांनी त्यांना कपाटाची किल्ली दिली, मोजणीच्या चिंचोक्यांची पिशवी दिली, आणि कुठल्या पोराला कमी ऐकू येतं, कुणाला सकाळी उपाशी यायची सवय आहे, ते एकेक करून सांगितलं. नवीन बाईंनी विचारलं, "ह्यातली कानडी बोलणारी किती?" आक्का म्हणाल्या, "सगळीच." त्या बाईंनी हातातल्या किल्लीकडे पाहिलं.

आक्का तिसरीच्या वर्गात जाऊन उभ्या राहिल्या. हजेरी सुरू केली. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. माझी गाडी दहाची होती.

पाच-सात नावं झाली असतील, दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. पहिलीतली, दोन वेण्या, हातात पाटी. ती आत आली, आक्कांच्या पदराला धरून तिनं कानडीत काहीतरी विचारलं. आक्कांनी हजेरीतून डोकं वर काढलं नाही. मुलीनं पुन्हा विचारलं. मग आक्का तिच्याकडे वळल्या, पण बसल्या नाहीत. ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गो टु युवर क्लास."

उच्चार स्वच्छ होता. एकवीस दिवसांत त्यांना इतका स्वच्छ कधी जमला नव्हता. मुलीला काही कळलं नाही. ती पदर धरून तशीच वर बघत राहिली. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि आपल्या बोलीतला एक शब्द जरी तोंडून निघाला तरी त्यांना पुढं काही आवरलं नसतं, एवढं मला कळलं.

मी पुढं झाले, मुलीची मूठ पदरातून सोडवली आणि तिचा हात धरून तिला पहिलीच्या वर्गाकडे घेऊन निघाले. व्हरांडाभर ती मला काहीतरी सांगत होती, मधूनच थांबून माझ्या तोंडाकडे बघत होती, पुन्हा सांगत होती. मला त्यातलं एक अक्षरही कळलं नाही. मी मान हलवत राहिले.